प्रिंटरवर राहिलेला कागद

ताई, नमस्कार.

आम्ही मूळचे सांगलीचे. 2013 साली यजमानांच्या एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) डॅलसजवळ आलो तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. आता सतरा संपत आली, हायस्कूलचं शेवटचं वर्ष आहे. ग्रीन कार्डसाठी ईबी-टूमध्ये (नोकरीच्या आधारावरच्या एका वर्गवारीत) आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, 2017 ची आहे. मी सांगलीत शाळेत गणित शिकवायचे. इथे पहिली पाच-सहा वर्षं घरीच होते, मग ईएडी आलं, म्हणजे काम करायची परवानगी मिळाली.

गेल्या उन्हाळ्यात टेक्ससमध्ये इथे राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नसलेल्या मुलांची इन-स्टेट फी, म्हणजे राज्यातल्या मुलांना असते ती कॉलेजची कमी फी, बंद झाली. मुलीची लहानपणापासूनची मैत्रीण त्यात सापडली. तेव्हापासून ही आणि सहा-सात मुलं दर गुरुवारी लायब्ररीत जमतात. कोणाचे कॉलेजचे फॉर्म भरून दे, कोणाला स्कॉलरशिप शोधून दे, असं चालतं. आता कम्युनिटी कॉलेजच्या ट्रस्टींच्या सभेत ही तीन मिनिटं बोलणार आहे.

तिचं भाषण मला प्रिंटरवर मिळालं. पहिलं वाक्य असं होतं: 'मी इथे यायचं ठरवलं नव्हतं. ते माझ्या आईवडिलांनी ठरवलं.' मी गॅरेजमध्ये गाडीत जाऊन बसले आणि रडले.

यजमान म्हणतात, आपली फाइल चालू आहे, हे सगळं आजच्या आज बंद. मंडळातल्या एक वहिनी म्हणाल्या, "आपण इतकी वर्षं रांगेत उभे आणि तुमची लेक रांग मोडणाऱ्यांसाठी फलक रंगवते?" मला उत्तर सुचलं नाही. मुलीला थांबवू का?

— एक आई, फ्रिस्को (टेक्सस)


प्रिय सांगलीकर,

थांबवू नका. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. मात्र आज तिला जेवढं ठाऊक आहे तेवढ्याच शिदोरीवर माइकसमोर जाऊ देऊ नका. आणि यजमानांना 'भित्रे' म्हणू नका. त्यांच्या भीतीकडे मी येणारच आहे.

आधी त्या वहिनींच्या रांगेचं बघू. मंडळाच्या स्वयंपाकघरात पुऱ्या तळता तळता हा शब्द मी तीस वर्षं ऐकते आहे.

नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीन कार्डं मिळतात. त्यात बायकामुलंही मोजली जातात आणि एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून फारशी जास्त येत नाहीत. 2025 संपताना ईबी-टूत भारतीयांची रांग 2013 च्या अर्जांपाशीच घुटमळत होती. तुमची 2017 ची. तुमची लेक 2029 मध्ये एकवीस पूर्ण करेल. तोवर तुमचा नंबर लागला नाही, तर तुम्ही दोघं रांगेत राहाल आणि ती बाहेर पडेल, कारण एकविशीनंतर मूल आईवडिलांच्या अर्जात धरत नाहीत. तिचा गुन्हा एवढाच, की रांगेत उभी असताना ती मोठी झाली. मग एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा घेऊन परदेशी विद्यार्थिनी व्हायचं, नाहीतर जी सांगली तिला गणपतीच्या फोटोंतून माहीत आहे तिथे जायचं. वय मोजण्याची एक सवलत 2002 च्या कायद्यात आहे, पण 15 ऑगस्ट 2025 पासून सरकारने ते वय रांगेच्या तारखांच्या कोणत्या तक्त्यावरून धरायचं हे बदललं आणि ती आणखी आखडली.

आणि त्या मैत्रिणीचं म्हणाल, तर तिनं कुठली रांग मोडली? आईच्या कडेवर बसून आलेल्या आणि कागद नसलेल्या मुलीसाठी रांगच नाही. ओबामांनी 15 जून 2012 रोजी 'डाका', म्हणजे लहानपणी आणलेल्या अशा मुलांना हद्दपारीपासून संरक्षण देणारं धोरण, जाहीर केलं, पण त्यासाठी 15 जून 2007 पासून सलग अमेरिकेत असणं सक्तीचं आहे. आज हायस्कूलमध्ये असलेली बहुतेक मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती. शिवाय 2021 साली ह्यूस्टनच्या फेडरल न्यायाधीशांनी निकाल दिल्यापासून नवे अर्ज मंजूर होणं थांबलं. आणखी एक गंमत ऐका, म्हणजे गंमत म्हणायची म्हणून: डाकासाठी 15 जून 2012 या दिवशी तुमच्याकडे कायदेशीर स्टेटस *नसणं* ही अट आहे. लहानपणी आलेल्या, पण एच-फोरवर (एच-वन-बीवाल्यांच्या बायकामुलांच्या व्हिसावर) असलेल्या आपल्या मुलांना त्यातून वगळलं ते कागद नीट होते म्हणून.

वहिनींना हे सगळं सांगत बसायची गरज नाही. "माझी लेक 2029 ला त्याच रांगेतून बाहेर काढली जाणार आहे" एवढं म्हणा आणि पुऱ्या लाटायला घ्या.

तुमच्या घरापासून पूर्वेला दोनेक तासांवर टायलर नावाचं गाव आहे. गुलाबांसाठी प्रसिद्ध. 1975 साली टेक्ससने कायदा केला की कागदपत्रं नसलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी शाळांना राज्याचे पैसे मिळणार नाहीत. 1977 मध्ये टायलरच्या शाळा मंडळाने अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला 1,000 डॉलर मागितले. गुलाबाच्या मळ्यांत, कारखान्यांत राबणाऱ्या माणसांकडे कुठले आलेत 1,000 डॉलर? चार कुटुंबं कोर्टात गेली. त्यांची नावं जाहीर होऊ नयेत म्हणून सगळ्यांना 'डो' हे एकच टोपणनाव दिलं, आणि लोकांच्या नजरा चुकवता याव्यात म्हणून न्यायाधीशांनी सुनावणी पहाटे सहाला ठेवली. एक कुटुंब तर घरातलं सामान गाडीत भरून कोर्टात आलं होतं. तिथूनच पकडून हद्दपार केलं, तर निदान सामान तरी बरोबर असावं, हा विचार.

तो खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 15 जून 1982 रोजी पाच विरुद्ध चार मतांनी मुलं जिंकली. 'प्लायलर विरुद्ध डो'. आज अमेरिकेतल्या कुठल्याही सरकारी शाळेला मुलाचे इमिग्रेशनचे कागद नाहीत म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, ते या निकालामुळे. (डाका नेमकं तीस वर्षांनी त्याच तारखेला जाहीर झालं.) सामान भरलेली ती गाडी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुमच्या पत्रातलं गॅरेज वाचलं तेव्हाही तीच आठवली.

पण हा निकाल बारावीपर्यंतचाच. कॉलेजची दारं उघडली ती 2001 मध्ये, आणि तीही टेक्ससनेच देशात सर्वांत आधी. राज्यात तीन वर्षं राहून इथल्या हायस्कूलमधून पास झालेल्या मुलाला, कागद असोत-नसोत, राज्यातल्या मुलांइतकीच फी. त्यावर सही केली ती रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी यांनी. चोवीस वर्षं ते चाललं. मग 4 जून 2025 रोजी केंद्राच्या न्याय खात्याने या कायद्याविरुद्ध दावा लावला, राज्याच्या अॅटर्नी जनरलनी बचाव करण्याऐवजी मान्यता दिली आणि न्यायाधीशांनी त्याच दिवशी आदेश काढला. काही तासांत दावा निकालात! ज्यांची फी जाणार त्या मुलांचं कोणी ऐकूनच घेतलं नाही, म्हणून विद्यार्थ्यांच्या एका गटाला मॅल्डेफ या नागरी हक्क संस्थेच्या वकिलांमार्फत 'आम्हालाही पक्षकार करा' असा अर्ज करावा लागला. तुमची लेक तीन मिनिटं मागते आहे ती या पार्श्वभूमीवर. कोर्टात कोणी विचारलं नाही, निदान ट्रस्टींच्या सभेत तरी.

मी स्वतः यात फार धुतल्या तांदळासारखी नाही. 1 जानेवारी 2010 ला कागद नसलेल्यांच्या हक्कांसाठी चार विद्यार्थी मायामीहून वॉशिंग्टनकडे चालत निघाले, सुमारे 1,500 मैल. त्याच मार्चमध्ये शिकागोच्या भर चौकात मुलं आपापली नावं सांगून उभी राहिली: आमच्याकडे कागद नाहीत आणि आम्ही घाबरत नाही. बातमी वाचून मी नवऱ्याला म्हटलं होतं, "यांना काय, चालत सुटले की झालं. आम्ही काढलेले वकिलांचे पैसे कोण देणार?" डिसेंबरमध्ये ड्रीम अॅक्ट, म्हणजे अशा मुलांना कायदेशीर दर्जा देऊ पाहणारं विधेयक, सिनेटमध्ये पडला. 55 मतं मिळाली, 60 हवी होती. मला वाटलं, संपलं. दीड वर्षात डाका आलं आणि आमच्याच गल्लीतला एक मुलगा पहिल्यांदा गाडीचं लायसन्स हातात घेऊन अंगणात नाचताना पाहिला. त्याच्याकडे कागद नव्हते हे तोवर आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

आपल्या मुलांची चळवळ त्याच वाटेने आली. लहानपणी भारतातून निघून कॅनडामार्गे इलिनॉयला आलेल्या दीप पटेलने 2017 साली 'इम्प्रूव्ह द ड्रीम' सुरू केलं. एकवीस पूर्ण होताच स्टेटस गमावणाऱ्या मुलांनी एकमेकांना शोधायचं आणि खासदारांच्या कचेऱ्यांत जाऊन स्वतःची गोष्ट सांगायची. अशी दोन-अडीच लाख मुलं असावीत असा अंदाज आहे. 2021 मध्ये त्यांच्यासाठी 'अमेरिकाज चिल्ड्रन अॅक्ट' मांडला गेला. 2022 मध्ये प्रतिनिधिगृहाने ती तरतूद संरक्षण खर्चाच्या विधेयकात घातलीही, पण शेवटच्या मसुद्यातून ती गळली. हे मुद्दाम सांगते आहे. मूळ ड्रीम अॅक्ट 2001 पासून मांडला जातोय आणि अजून कायदा झालेला नाही. तुमची लेक तीन मिनिटं बोलेल, ट्रस्टी मान डोलावतील, 'थँक यू' म्हणतील आणि पुढचं नाव पुकारतील. त्या रात्री तुम्ही घरी असायला हवं.

आता यजमानांची भीती. ती खोटी नाही, आणि आजचा काळ 2010 चा नाही. 2025 मध्ये निदर्शनांत बोलल्यामुळे, लिहिल्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, काहींना अटक झाली. 15 डिसेंबर 2025 पासून एच-वन-बी आणि एच-फोरच्या अर्जदारांचीही सोशल मीडियाची खाती तपासली जातात. ती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे भारतात व्हिसाच्या स्टॅम्पिंगला जाल तेव्हा लेकीचं इन्स्टाग्राम खिडकीपलीकडचा अधिकारी बघू शकतो. इथे असलेल्या माणसाला बोलण्याचं स्वातंत्र्य घटना देते, नागरिक असो वा नसो. कॉलेजच्या सभेत नम्रपणे फीबद्दल बोलणं हा गुन्हा नाही. पण हक्क असणं आणि त्रास न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सतरा वर्षांच्या मुलीला कोणीतरी सांगायला हवं. ते काम बाबांचं. 'बंद कर' ऐवजी त्यांनी हे बसून समजावलं, तर ती ऐकेल.

मी वकील नाही, म्हणून पहिली गोष्ट: इमिग्रेशनच्या वकिलाचा एक तास घ्या. कंपनीचा वकील नको, तो कंपनीचा असतो. तुमचा स्वतःचा घ्या. भाषण दाखवा, वयाचं गणित करून घ्या, एफ-वनचा अर्ज कधी करायचा ते विचारा. तो विषय एकवीसच्या तोंडावर काढून चालत नाही.

दुसरी गोष्ट ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण मला सर्वांत जास्त धास्ती तिचीच आहे. ती अठरा पूर्ण करेल तेव्हा शाळेत मतदार नोंदणीचे फॉर्म येतील, लायसन्सच्या कचेरीत बाई सवयीने विचारेल, "रजिस्टर टु व्होट?" मुलं घाईत 'हो' म्हणतात. स्वतःला अमेरिकन नागरिक म्हणवणारा एक खोटा टिकमार्क पुढे कायमचा दरवाजा बंद करू शकतो आणि 'चुकून झालं' हे ऐकून घेतलं जाईल याची काही खात्री नाही. ट्रस्टींच्या सभेने जेवढं नुकसान होईल त्याच्या शंभरपट तिथे होऊ शकतं. त्याचप्रमाणे कुठल्याही उमेदवाराला पाच डॉलरही द्यायचे नाहीत. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाला ते वर्ज्य आहे. गटाला एखाद्या संस्थेने मानधन देऊ केलं, तर तिनं घ्यायचं नाही. एच-फोरवर फुकटची सेवा ठीक, कमाई नाही, गिफ्ट कार्डसुद्धा नको. आणि धरणं, रस्ता अडवणं, अटक होईल असं काहीही नाही. गटात नागरिक असलेली मुलं असतील, ते त्यांनी ठरवावं. तिनं त्या दिवशी घरी पोस्टरला रंग द्यावा.

आणखी एक, हे आईला सुचणार नाही आणि मुलांना तर अजिबातच नाही. लायब्ररीत फॉर्म भरताना ही मुलं हमखास एक गूगल शीट उघडतात. नाव, शाळा, फोन, 'स्टेटस'. शाळेच्या दप्तरातल्या नोंदींना कायद्याचं संरक्षण असतं, या शीटला कसलंच नाही. आज रात्रीच तिला तो रकाना पुसायला सांगा. व्हॉट्सअॅप ग्रुपवरही कोणी कोणाचं स्टेटस लिहायचं नाही. आणि मैत्रिणीची गोष्ट सांगायची असेल, तर मैत्रिणीला विचारून, नाव आणि शाळा वगळून. टायलरची मुलं 'डो' होती म्हणून त्यांचा खटला काही हलका झाला नाही.

एवढं झालं की मग ते वाक्य.

'मी ठरवलं नव्हतं, त्यांनी ठरवलं.' हे वाक्य तुमच्या लेकीचं नाही हो. ड्रीम अॅक्टच्या पहिल्या दिवसापासून राजकारणी म्हणत आले, या मुलांचा काही दोष नाही, त्यांना आणलं गेलं. मुलांनीही ते उचललं, कारण ऐकणाऱ्याचं मन त्याने लवकर विरघळतं. मग काही वर्षांनी त्यातल्याच मुलांच्या ध्यानात आलं, की आपला दोष नाही म्हणताना आपण तो कोणाच्या तरी पदरात टाकतोय. रात्रपाळी करून आपल्याला वाढवणाऱ्या आईच्या. त्यानंतर त्यांनी हे बोलणं सोडलं. 'पहिली स्वप्नं आमच्या आईवडिलांनी पाहिली' असं ती म्हणू लागली. तुमची लेक अजून पहिल्याच पायरीवर आहे. ट्रस्टींना काय आवडेल याचा अंदाज घेऊन तिनं ते लिहिलंय. तुम्हाला दुखवायला लिहिलं असतं, तर प्रिंटरवर विसरली नसती.

तुम्ही ते खोडू नका, 'असं का लिहिलंस' म्हणून जाबही विचारू नका. कागद सापडला हे मात्र सांगा. आणि मग तिला 2013 सांगा. तिला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं, पण पाच वर्षांच्या मुलीला विमानातलं ज्यूस आठवतं. तुम्ही शाळेतली नोकरी सोडली त्या दिवशी काय झालं, डिपेंडंट हा शब्द पहिल्यांदा स्वतःच्या कागदावर वाचला तेव्हा काय वाटलं, बस नसलेल्या गावात, लायसन्स येईपर्यंत खिडकीत बसून काय केलंत, हे तिनं कधी ऐकलंय? तुमच्या पत्रात या सगळ्या वर्षांना एक ओळ मिळाली आहे: 'पहिली पाच-सहा वर्षं घरीच होते.' तुमचं ते ईएडी ज्या नियमामुळे आलं तो 2015 चा. तोही आपोआप आला नव्हता. तुमच्यासारख्याच घरी बसलेल्या बायकांनी पत्रं लिहिली, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, कॅमेऱ्यासमोर स्वतःचं नाव सांगितलं. तेव्हाही नवरे म्हणाले असतीलच, फाइल चालू आहे.

आणि खरं सांगा, इथे यायचं तुम्ही तरी ठरवलं होतं का?

याचं उत्तर मला नको, तिला द्या. मग पहिलं वाक्य ती बदलेल किंवा ठेवेल. तीन मिनिटं तिची आहेत. फक्त त्यात यजमानांच्या कंपनीचं नाव, फाइलचे तपशील येणार असतील, तर तेवढं आधी घरी विचारायचं, कारण तो भाग तुम्हा तिघांचा आहे.

सभेला दोघंही जा. अशा सभांचं बहुधा चित्रीकरण होतं आणि बोलण्याआधी नाव-पत्ता लिहून द्यावा लागू शकतो. कुठल्या माहितीशिवाय चालतं, ते सचिवांना फोन करून आधी विचारा. हा फोन यजमानांना करू द्या, त्यांना काहीतरी हातात हवं.

आणि गुरुवारी एकदा लायब्ररीत डोकावून या. एच-फोरवरच्या मुलांना केंद्राच्या आर्थिक मदतीसाठीचा फॅफ्सा हा फॉर्म उपयोगाचा नाही, पण टेक्ससचे रहिवासी ठरले तर राज्याचा टॅस्फा भरता येतो. तुमच्या लेकीलाही. रहिवासाचं कॉलेजकडून लेखी विचारून घ्या. त्या फॉर्मात आईवडिलांच्या उत्पन्नाचे, टॅक्सचे रकाने असतात आणि सतरा वर्षांची मुलं तिथे हटकून अडतात. गणिताच्या बाईंची गरज आहे तिथे. जाताना चिवडा न्या, पण लायब्ररीत खायला परवानगी आहे का ते बघून.